परतीची वाट नसलेला सम्राट

फ्रान्सचे दुसरे साम्राज्य २ डिसेंबर १८५२ रोजी उभे राहिले आणि ४ सप्टेंबर १८७० रोजी, एका रविवारी दुपारी, काही तासांत संपले. ज्या युद्धाने ते संपवले ते १९ जुलैला पुकारले गेले होते. म्हणजे युद्धाचा ताण या साम्राज्याला सात आठवडेही सोसला नाही. त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या सार्वमतात सुमारे ७३ लाख ५० हजार फ्रेंच मतदारांनी सम्राटाच्या बाजूने कौल दिला होता, विरोधात जेमतेम १५ लाख मते पडली होती. इतका पाठिंबा असलेली राजवट चार महिन्यांत कोसळते, तेव्हा कारण केवळ रणांगणावर सापडत नाही. नेपोलियन तिसरा हा थोरल्या नेपोलियनचा पुतण्या. तो आधी १८४८ मध्ये मतांवर अध्यक्ष झाला, मग १८५१ मध्ये बंड करून सत्ताधीश झाला आणि वर्षभराने सम्राट झाला. त्याच्या गादीला वंशपरंपरेचा आधार तोकडा होता. काकाचे नाव आणि त्या नावाला चिकटलेला विजयाचा लौकिक हेच तिचे भांडवल होते. हरलेल्या बोनापार्टला पॅरिसमध्ये जागा नव्हती, हे त्याला माहीत होते, त्याच्या राणीला त्याहून जास्त माहीत होते, आणि १८७० च्या ऑगस्टमधले बहुतेक घातक निर्णय या एका जाणिवेतून निघाले. सार्वमताचा तपशील पाहिला तर तेही दिसते: देशभर होकाराचा पूर आला असताना खुद्द पॅरिसने नकाराला बहुमत दिले होते.

या पडझडीचे टप्पे आज आगगाडीने आठवड्याभरात पाहून होतात. जर्मनीतल्या बाड एम्सपासून सारब्रुकन, तिथून सीमा ओलांडून मेत्झ, मग आर्देनच्या टेकड्यांतले सेदाँ आणि शेवटी पॅरिस. मी हा मार्ग सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात केला. त्या दिवसांत या भागात पाऊस असतो, १८७० सालीही होता.

बाड एम्स हे लान नदीच्या काठचे, गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. कोब्लेंट्सहून छोटी गाडी नदीच्या कडेकडेने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोहोचते. युरोपातल्या नामांकित स्नाननगरांबरोबर २०२१ मध्ये त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिथे पाहायचा असतो तो नदीकाठच्या फिरण्याच्या रस्त्यावरचा एक साधा दगड. त्यावर कोरले आहे: १३ जुलै १८७०, सकाळी ९ वाजून १० मिनिटे. युद्धाच्या उगमाची वेळ मिनिटासह कोरून ठेवलेला दुसरा दगड निदान माझ्या पाहण्यात नाही.

त्या सकाळी इथे प्रशियाचा राजा विल्हेल्म फिरायला निघाला असता फ्रेंच राजदूत बेनेदेत्तीने त्याला गाठले. विषय स्पेनच्या गादीचा होता. १८६८ मध्ये तिथली राणी इझाबेला पदच्युत झाली होती आणि रिकाम्या सिंहासनासाठी होहेनझोलर्न घराण्यातल्या लेओपोल्ड या राजपुत्राचे नाव पुढे आले होते. पूर्वेला प्रशिया आणि दक्षिणेला प्रशियाच्याच भाऊबंदांचा राजा, हे फ्रान्सला सोसवणारे नव्हते. गंमत अशी की भांडणाचे हे कारण आदल्याच दिवशी मिटले होते. १२ जुलैला लेओपोल्डची उमेदवारी मागे घेतली गेली. फ्रान्स लढाईशिवाय जिंकला होता. पण पॅरिसचे परराष्ट्रमंत्री ग्रामाँ यांना तेवढ्यावर समाधान नव्हते. या घराण्यातला कुणीही पुन्हा कधीही स्पेनच्या गादीवर हक्क सांगणार नाही, अशी कायमची हमी राजाने द्यावी, असा आग्रह धरायला त्यांनी बेनेदेत्तीला पाठवले. राजाने सभ्यपणे नकार दिला आणि नंतर आपल्या अंगरक्षक अधिकाऱ्याकरवी कळवले, की या विषयावर आणखी बोलण्यासारखे काही उरलेले नाही.

घडलेला वृत्तान्त तारेने बर्लिनला प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याकडे गेला. तो त्या वेळी सेनाप्रमुख मोल्टके आणि युद्धमंत्री रोन यांच्यासह जेवायला बसला होता. त्याने मजकुरात मोठी काटछाट केली. आणि काटछाटीनंतर राजाने फ्रेंच राजदूताला दारातून हाकलून दिल्यासारखा तो वाचला जाऊ लागला. मजकूर वर्तमानपत्रांकडे गेला. फ्रेंच भाषांतरात आणखी एक घोटाळा झाला. जर्मनमध्ये राजाच्या सेवेतल्या उच्च अधिकाऱ्याला जो शब्द आहे, तोच उच्चार फ्रेंच सैन्यात हवालदाराच्या वरच्या एका किरकोळ हुद्द्याचा. सम्राटाच्या वकिलाला राजाने हवालदाराकरवी निरोप धाडला, असे पॅरिसने वाचले. बिस्मार्कने युद्ध लादले, असे शाळेच्या पुस्तकांत एका ओळीत असते. ते खरे आहे, पण अर्धेच. त्याने सापळा लावला हे जितके खरे, तितकेच त्यात पाय घालायला पॅरिस घाईला आले होते हेही. पंतप्रधान ओलिव्हिए यांनी ही जबाबदारी आपण हलक्या मनाने स्वीकारतो असे सभागृहात सांगितले आणि ते दोन शब्द त्यांच्या नावाला मरेपर्यंत चिकटले.

तयारीविषयी युद्धमंत्री मार्शल लबफ यांचा दावा असा होता, की सैनिकाच्या पायातल्या पट्ट्यांचे एक बटणही कमी पडणार नाही. प्रत्यक्षात बटणे होती, पण ती ज्या गोदामात होती तिथे सैनिक नव्हते. प्रशियात प्रत्येक धडधाकट तरुणाला तीन वर्षे सक्तीची नोकरी, नंतर राखीव दलात वर्षे, आणि प्रत्येक प्रांताची पलटण त्याच प्रांतात भरली जाणारी. माणूस घरून निघाला की दिवसभरात आपल्या तुकडीत. मोल्टकेच्या मुख्यालयात रेल्वेसाठी वेगळी शाखा होती. कोणती गाडी कोणत्या तासाला कोणत्या फलाटावरून सुटेल हे शांततेच्या काळातच ठरलेले. प्रशिया आणि दक्षिण जर्मन राज्यांनी मिळून सुमारे अडीच आठवड्यांत दहा लाखांहून अधिक माणसे शस्त्राखाली आणली. फ्रान्समध्ये सैनिक चिठ्ठ्या टाकून निवडला जाई, पैसेवाला आपल्या जागी बदली माणूस देई, आणि पलटणी मुद्दाम त्यांच्या मुलखापासून दूर ठेवलेल्या. त्यामुळे राखीव शिपायाला गावातून एका टोकाच्या गोदामात गणवेश घ्यायला आणि तिथून दुसऱ्या टोकाच्या पलटणीत जायला लागे. बेलफोर्टला पोहोचलेल्या एका सेनाधिकाऱ्याने पॅरिसला तार केली, की आपली ब्रिगेड सापडत नाही, वरिष्ठही सापडत नाही, पलटणी कुठे आहेत ठाऊक नाही, आता काय करावे? ही तार विनोद म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात सगळी मोहीम आहे.

शस्त्रांत फ्रेंच मागे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. त्यांची शास्पो बंदूक बाराशे मीटरपर्यंत मारा करू शके. प्रशियाच्या ड्रेझे बंदुकीचा पल्ला त्याच्या साधारण निम्मा. मित्रायोझ नावाची अनेक नळ्यांची, हाताने फिरवून चालवायची बंदूकही त्यांच्याकडे होती, पण ती इतकी गुप्त ठेवली गेली की चालवणारे फारसे तयारच झाले नाहीत. निर्णायक फरक पडला तो तोफांत. फ्रेंच तोफा कांस्याच्या, तोंडातून भरायच्या. जर्मनांच्या क्रुपच्या कारखान्यातल्या पोलादी, मागून भरायच्या, लांब पल्ल्याच्या आणि अचूक. पुढच्या महिन्यात फ्रेंच पायदळाने जर्मन पायदळाचे अनेकदा तुकडे केले आणि प्रत्येक वेळी जर्मन तोफखान्याने हिशेब उलटा फिरवला.

२८ जुलैला सम्राट पॅरिसजवळच्या सँ-क्लू राजवाड्याच्या खासगी स्थानकावरून निघाला. वय बासष्ट, मूत्राशयात मोठा खडा, घोड्यावर बसणे म्हणजे यातना. बरोबर चौदा वर्षांचा युवराज. मागे राज्यकारभार राजप्रतिनिधी म्हणून राणी युजेनीकडे. २ ऑगस्टला फ्रेंचांनी सीमेपलीकडचे सारब्रुकन घेतले. तिथे जर्मनांची छोटीशी तुकडी होती. तिच्यावर मोठे फ्रेंच दळ चालून गेले. युवराजाने पहिली गोळी ऐकली, सम्राटाने तसे राणीला तारेने कळवले, ती तार छापली गेली आणि पॅरिसने आधी जल्लोष केला, मग थट्टा.

सारब्रुकन आज सीमेवरचे गजबजलेले शहर आहे. गावाच्या दक्षिणेला फ्रेंच-जर्मन उद्यान नावाची बाग आहे आणि तिच्यात एका कोपऱ्यात १८७० च्या मृतांची जुनी दफनभूमी. पोरे होड्या वल्हवत असतात, आगगाडीच्या आकाराची छोटी गाडी माणसांना फिरवते. तिथून वर पाहिले की स्पिखेरनची चढण दिसते, माती तांबूस, झाडी दाट. ६ ऑगस्टला जर्मन पायदळ ही चढण चढून आले. त्याच दिवशी दक्षिणेला आल्सेसमध्ये फ्रोशविलरला मार्शल मॅकमहोनचे सैन्य मोडले. त्याच्या चिलखती घोडेस्वारांनी द्राक्षमळे आणि गावाच्या गल्ल्यांतून केलेला हल्ला फ्रेंच चित्रकारांनी पुढे शेकडो वेळा रंगवला, पण त्याने साधले फक्त माघारीला थोडा वेळ मिळणे. दोन दिवस आधी व्हिसेंबूर्गला जनरल दुए मारला गेला होता. आठवड्याच्या आत सीमा उघडी पडली. ९ ऑगस्टला ओलिव्हिए मंत्रिमंडळ पडले आणि जनरल पालिकाओ प्रमुख झाला.

इथेच ती गोष्ट सुरू होते जी मला या साऱ्या मोहिमेची किल्ली वाटते. ७ ऑगस्टला मेत्झमध्ये असलेल्या सम्राटाने राजधानीत परतण्याचा विचार बोलून दाखवला. राणीचे उत्तर तारेने आले: दोन पराभवांचे ओझे घेऊन परत आलात तर काय होईल याचा विचार केला आहे का? सम्राट थांबला. १२ ऑगस्टला त्याने सेनापतिपद मार्शल बाझेनकडे दिले. आता त्याच्याकडे ना सैन्याची कमान, ना राज्याची. तरी तो छावणीतच; आणि त्याच्याबरोबर स्वयंपाकी, नोकर, गाड्या, चांदीची भांडी असा लवाजमा, जो अरुंद रस्त्यांवर प्रत्येक वेळी सैन्याच्या आडवा येई.

मेत्झचे रेल्वे स्थानक पाहून माणूस चकित होतो. धूसर वालुकाश्माची, मध्ययुगीन देवळासारखी लांबलचक इमारत. ती फ्रेंचांनी बांधलेली नाही. १८७१ नंतर मेत्झ जर्मनीत गेले आणि १९०५ ते १९०८ दरम्यान कैसरच्या अमदानीत हे स्थानक उभे राहिले. फलाट उंच आणि प्रशस्त, सैन्य भराभर चढवता-उतरवता यावे असे. पराभवाची किंमत काय होती हे सांगायला मेत्झमध्ये वेगळ्या स्मारकाची गरज नाही.

शहराच्या पश्चिमेला सुमारे पंधरा किलोमीटरवर ग्रावलोत. १६ ऑगस्टला मार्स-ला-तूर आणि १८ ला ग्रावलोत ते सँ-प्रिव्हा या पट्ट्यात दोन मोठ्या लढाया झाल्या. सँ-प्रिव्हाच्या उघड्या उतारावर प्रशियन गार्डची दळे रांगा धरून चढली आणि शास्पोच्या माऱ्यात अर्ध्या तासाच्या आसपास त्यांची सुमारे आठ हजार माणसे पडली. १८ तारखेला जर्मनांची हानी वीस हजारांच्या घरात होती, फ्रेंचांची बारा हजारांच्या. आकड्यांवरून ही फ्रेंचांची जीत वाटावी. पण बाझेनने राखीव दळ वापरले नाही, दिवसभर तो लढाईपासून दूरच राहिला, आणि रात्री त्याने सैन्य मेत्झच्या तटबंदीत मागे घेतले. सुमारे पावणेदोन लाखांचे फ्रान्सचे सर्वोत्तम सैन्य अशा रीतीने स्वतःहून पिंजऱ्यात शिरले. २७ ऑक्टोबरला, घोडे खाऊन संपल्यावर, ते शरण आले. बाझेनवर पुढे देशद्रोहाचा खटला चालला.

ग्रावलोतमध्ये २०१४ पासून या युद्धाचे आणि त्यानंतरच्या जर्मन ताब्याच्या काळाचे संग्रहालय आहे. मी बसमधून उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता, आणि तिकीट देणाऱ्या बाईंनी हसत म्हटले की ग्रावलोतमध्ये ग्रावलोतसारखाच पडणार. फ्रेंच बोलीत मुसळधार पावसाला, गारांना, एकामागून एक येणाऱ्या कशालाही अजून ग्रावलोतची उपमा देतात. मराठीत पानिपत हा शब्द जसा लढाईपासून सुटून परीक्षेच्या निकालापर्यंत आला, तसाच हा. वापरणाऱ्या कितीकांना गाव नकाशात दाखवता येणार नाही.

सम्राट मात्र १६ ऑगस्टच्या पहाटेच ग्रावलोतहून निघाला होता. वर्डनला त्याला तिसऱ्या वर्गाचा डबा मिळाला. लाकडी बाकावर बसून तो शालोंच्या छावणीत पोहोचला. तिथे १७ तारखेला मसलत झाली. मॅकमहोनचे पराभूत सैन्य आणि नव्याने भरलेल्या पलटणी मिळून सव्वा लाखाच्या आसपास माणसे गोळा झाली होती. शहाणपणाचा मार्ग उघड होता: हे सैन्य पॅरिसकडे न्यायचे, तटबंदीच्या आश्रयाने लढायचे, आणि सम्राटाने राजधानीत परतून राज्य हाती घ्यायचे. ठरलेही तसेच. जनरल त्रोश्यु पॅरिसचा गव्हर्नर म्हणून पुढे रवाना झाला. पण पॅरिसहून पुन्हा नकार आला. युजेनी आणि पालिकाओ यांचे म्हणणे असे, की बाझेनला वाऱ्यावर सोडून सम्राट परतला तर क्रांती होईल. लष्करीदृष्ट्या हे साहस आत्मघातकी होते. राजकीयदृष्ट्या त्यांचे भाकीत बहुधा खरे होते, आणि तीच या राजवटीची शोकांतिका. मॅकमहोन मनाविरुद्ध ईशान्येकडे वळला, बाझेनच्या सुटकेसाठी. मोल्टकेला या वळणाचा सुगावा काही अंशी वर्तमानपत्रांतूनच लागला. ३० ऑगस्टला बोमाँ इथे फ्रेंचांची एक कोर गाफील सापडली आणि उरलेले सैन्य विश्रांती आणि दाणागोटा मिळावा म्हणून बेल्जियमच्या सीमेजवळच्या एका जुन्या किल्ल्याकडे सरकले.

तो किल्ला सेदाँ. पस्तीस हजार चौरस मीटरांचा हा दगडी पसारा युरोपातल्या सर्वांत मोठ्या मध्ययुगीन किल्ल्यांत मोडतो. सतराव्या शतकातला मोठा सेनानी त्युरेन इथे १६११ मध्ये जन्मला; गावातल्या चौकात त्याचा पुतळा आहे. किल्ल्याच्या तटावरून पाहिले की मोल्टकेचे काम सोपे का झाले हे नकाशाशिवाय समजते. गाव खळग्यात. एका बाजूने म्यूज नदीचे वळण, बाकी बाजूंनी टेकड्या, आणि त्या टेकड्यांवर तोफा आल्या की खालचे सगळे त्यांच्या तोंडी. जनरल ड्युक्रोने आदल्या रात्रीच नकाशा पाहून सांगितले होते की आपण शौचपात्रात बसलो आहोत आणि वरून काय पडणार ते ठरलेले आहे; त्याचा शब्द याहून सरळ होता.

१ सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास, दाट धुक्यात, बव्हेरियन दळे दक्षिणेकडच्या बाझेय गावात शिरली. तिथे फ्रेंच नौदलाचे पायदळ होते. घरागणिक लढाई झाली, गावकऱ्यांनीही गोळ्या झाडल्या, बव्हेरियनांनी घरे पेटवली, नागरिक मारले गेले. एका खानावळीत मूठभर फ्रेंच सैनिक शेवटचे काडतूस संपेपर्यंत लढले. अल्फाँस द नव्हील या चित्रकाराने १८७३ मध्ये त्यावर चित्र काढले आणि ते फ्रान्सच्या घराघरात पोहोचले. घर आजही आहे, संग्रहालय म्हणून; गोळ्यांनी फुटलेले कपाट, भोके पडलेली भिंत जपली आहे. जवळच्या अस्थिगृहात एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला जर्मन हाडे. सेदाँहून तिथवर चालत तास लागतो. वाटेवर सुपरमार्केट, गोदामे, पेट्रोलपंप. रणांगण कुठे सुरू होते ते कळत नाही.

सकाळी सहाच्या सुमारास मॅकमहोन जखमी झाला. त्याने कमान ड्युक्रोकडे दिली. ड्युक्रोने पश्चिमेकडे निसटण्याचा हुकूम सोडला; दळे हलू लागली. तेवढ्यात जनरल विम्फेन पुढे आला. तो नुकताच अल्जीरियाहून आलेला. खिशात पालिकाओचे पत्र, की मॅकमहोनला काही झाले तर कमान त्याची. त्याने माघार थांबवून पूर्वेकडे फुटण्याचा हुकूम दिला. एका सकाळीत तीन सेनापती आणि तीन दिशा. पत्र पॅरिसहून आलेले होते हे विसरू नये: राजधानी दुरून लढाई चालवत होती, आणि सेनापतींच्या मध्ये बसलेल्या सम्राटाला हुकूम द्यायचा अधिकारच उरला नव्हता.

दुपारपर्यंत दोन बाजूंनी आलेली जर्मन सैन्ये उत्तरेला इली गावाजवळ एकमेकांना मिळाली आणि कडे पुरे झाले. फ्लोआँच्या उतारावर जनरल मार्गरितचे घोडदळ कडे फोडायला निघाले. मार्गरित स्वतः पाहणी करतानाच जबड्यात गोळी लागून जायबंदी झाला आणि पुढे वारला. त्याच्या स्वारांनी मग पुन्हा पुन्हा चढाई केली आणि प्रत्येक वेळी पायदळाच्या माऱ्यात ती विरली. पलीकडच्या फ्रेनुआच्या टेकडीवरून राजा विल्हेल्म हे पाहत होता आणि त्याच्या तोंडून या शूरांबद्दल उद्गार निघाला. तो फ्लोआँच्या स्मारकावर फ्रेंचांनीच कोरून ठेवला आहे. त्या टेकडीवर राजाभोवती बिस्मार्क, मोल्टके, पाहुणा म्हणून आलेला अमेरिकन सेनानी शेरिडन, असा थाट होता. 'टाइम्स'चा बातमीदार रसेलही या लढाईला हजर होता. बारा वर्षांपूर्वी त्यानेच लखनौच्या पाडावाच्या बातम्या लंडनला धाडल्या होत्या.

सम्राट सकाळपासून घोड्यावर होता. वेदना असह्य झाल्या की उतरे, झाडाला धरून उभा राही. तोफगोळे पडत त्या ठिकाणी तो बराच वेळ थांबला, आणि त्याला मरण हवे होते असा समकालीनांचा तर्क होता. मरण आले नाही. एमिल झोलाच्या १८९२ च्या 'ला देबाक्ल' या कादंबरीत हा सम्राट चेहऱ्याचा फिकेपणा झाकायला गालांना रंग लावून फिरतो; त्यावरून वाद झाला आणि राणीने हे साफ नाकारले. दुपारी गावात हजारो सैनिक, घोडे, गाड्या यांची चेंगराचेंगर, त्यावर गोळे. सम्राटाने किल्ल्यावर पांढरे निशाण लावायला सांगितले. हाच त्याने त्या दिवशी दिलेला एकमेव खरा हुकूम. ते निशाणही आधी एका अधिकाऱ्याने उतरवून टाकले, मग पुन्हा चढले.

बोलणी करायला गावात शिरलेल्या जर्मन अधिकाऱ्याला सम्राटासमोर नेले, तेव्हा तो चपापला. नेपोलियन सेदाँमध्ये आहे हे जर्मनांना ठाऊकच नव्हते. संध्याकाळी सम्राटाचे पत्र राजाकडे गेले: सैन्यात राहून मरण आले नाही, म्हणून तलवार आपल्या हाती देतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बग्गीतून दोंशेरीच्या रस्त्याला निघाला. बिस्मार्कने त्याला वाटेत गाठले आणि एका विणकराच्या घरी दोघे बोलले. सम्राटाला राजाला भेटून सैन्यासाठी सौम्य अटी मागायच्या होत्या. बिस्मार्कने मसुद्यावर सह्या होईपर्यंत ती भेट होऊच दिली नाही. तलवार कुणाची, असे बिस्मार्कने आदल्या रात्रीच्या बोलण्यांत फ्रेंच प्रतिनिधींना विचारले होते, फ्रान्सची की सम्राटाची? उत्तर मिळाले होते की सम्राटाची. तहाचा प्रश्न पॅरिसच्या सरकारचा, असे आता सम्राटानेही सांगितले. फ्रेनुआच्या बेलव्ह्यू वाड्यात सकाळी अकराच्या सुमारास शरणागतीवर सही झाली. ८३ हजार माणसे शरण आली. २१ हजार आदल्या दिवशीच पकडली गेली होती. म्यूजच्या वळणातल्या इज या बेटासारख्या जमिनीवर त्यांना पावसात, अन्नाविना कोंडले. त्या जागेला नाव पडले दैन्याची छावणी. आज तिथे कुरणे आहेत, गाई आहेत.

३ सप्टेंबरला सम्राटाला बेल्जियममधल्या बुइयाँमार्गे कासेलकडे नेले, आपल्याच कैद झालेल्या सैनिकांच्या नजरेला पडू नये म्हणून. कैदेसाठी मिळाला विल्हेल्म्सह्योए हा राजवाडा. साठ वर्षांपूर्वी तोच त्याच्या धाकट्या काकाचा, वेस्टफालियाच्या राजा जेरोमचा होता आणि तेव्हा त्याचे नाव नेपोलियन्सह्योए होते.

पॅरिसमध्ये सम्राटाची तार ३ तारखेला पोहोचली. मध्यरात्रीनंतर विधिमंडळाची बैठक भरली, विरोधी पक्षाचे ज्यूल फाव्र यांनी सम्राटाला पदच्युत करण्याचा ठराव मांडला, चर्चा दुपारपर्यंत लांबली. ४ सप्टेंबर, रविवार, लख्ख ऊन. गर्दी पूल ओलांडून विधिमंडळाच्या पाले बुर्बाँ या इमारतीत शिरली, पहारेकऱ्यांनी अडवले नाही. प्रजासत्ताकवादी पुढारी गॅम्बेटा याने राजवट संपल्याचे जाहीर केले आणि सगळे नगरभवनाकडे निघाले, कारण पॅरिसमध्ये प्रजासत्ताक तिथेच पुकारायचे असा रिवाज. जवळजवळ रक्त न सांडता ते पुकारले गेले. साम्राज्यासाठी एकाही पलटणीने बंदूक उचलली नाही. राणी तुइलरी राजवाड्यातून लूव्हच्या चित्रदालनांमार्गे मागच्या बाजूने निसटली. बरोबर ऑस्ट्रिया आणि इटलीचे राजदूत. रस्त्यावर भाड्याची गाडी धरून ती शेवटी आपल्या अमेरिकन दंतवैद्याच्या घरी गेली आणि त्याच्या मदतीने समुद्रकिनारा गाठून एका इंग्रजाच्या छोट्या नौकेतून इंग्लंडला पोहोचली.

आज पॅरिसच्या तिसऱ्या क्रमांकाच्या मेट्रोमार्गावर 'कात्र सप्तांब्र' म्हणजे चार सप्टेंबर नावाचे स्थानक आहे. वरच्या रस्त्याचे नावही तेच. साम्राज्याच्या काळात तोच रस्ता 'दहा डिसेंबर' होता, लुई नेपोलियन अध्यक्ष म्हणून निवडून आला त्या १८४८ च्या दिवसाच्या नावाने. पाटी बदलली, एवढ्यावर फ्रान्सने हिशेब मिटवला.

युद्ध मात्र मिटले नाही. तह करायला बिस्मार्कच्या हाती सम्राट होता, पण राज्य नव्हते. आणि नव्या सरकारला जमीन द्यायची नव्हती. १९ सप्टेंबरला पॅरिसला वेढा पडला. गॅम्बेटा ७ ऑक्टोबरला फुग्यातून बाहेर पडला, पत्रे फुग्यांनी आणि कबुतरांनी फिरली, शहराने घोडे, मांजरे, उंदीर आणि अखेर प्राणिसंग्रहालयातले कास्टर आणि पोलक्स हे हत्तीही खाल्ले. त्याच हिवाळ्याच्या तोंडावर कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतत होते, बेल्जियम आणि जर्मनीमार्गे. विशीतल्या या राजाचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निधन झाले आणि आर्नो नदीकाठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. त्यांची रोजनिशी दोन वर्षांनी छापली गेली. रोममधली फ्रेंच शिबंदी युद्धासाठी मागे घेतली गेल्याने इटलीच्या सैन्याने २० सप्टेंबरला रोम घेतले, आणि पोपची राजसत्ताही या युद्धाच्या कडेने बुडाली.

१८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसे महालात विल्हेल्मला जर्मन सम्राट म्हणून पुकारले गेले. तारीख प्रशियाच्या राजपदाची, १७०१ ची. जागा चौदाव्या लुईची. महालाच्या छतावर लुईच्या विजयांची चित्रे आहेत, त्यांत ऱ्हाइन ओलांडल्याचेही. पर्यटकांची गर्दी आरशांत स्वतःचे फोटो काढण्यात दंग असते. त्या दिवसाविषयी दालनात मला काही लिहिलेले दिसले नाही. २८ जानेवारीला पॅरिसने युद्धतहकुबी मान्य केली. १ मार्चला बोर्दोमध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेने बोनापार्ट घराण्याच्या पदच्युतीवर शिक्कामोर्तब केले. १० मेच्या फ्रँकफर्टच्या तहाने आल्सेस आणि लोरेनचा एक भाग गेला आणि पाच अब्ज फ्रँक युद्धखंडणी बसली. त्याच वसंतात उठाव करून पॅरिसची सत्ता घेतलेल्या कम्यूनच्या शेवटच्या आठवड्यात तुइलरी राजवाडा जाळला गेला. त्याचे जळके अवशेष १८८३ मध्ये उतरवले. लूव्हचे दोन लांब बाहू आज पश्चिमेला काहीही न कवटाळता उघडे पडलेले दिसतात, त्यांना जोडणारा राजवाडा तो.

नेपोलियन तिसरा १८७१ च्या मार्चमध्ये सुटला आणि इंग्लंडमधल्या चिझलहर्स्ट गावी राहिला. मूत्राशयातला खडा फोडण्याच्या शस्त्रक्रियांनंतर ९ जानेवारी १८७३ रोजी तो वारला. युवराज इंग्रजी सैन्याबरोबर झुलूंच्या मुलखात गेला आणि १ जून १८७९ रोजी भाल्यांनी मारला गेला. युजेनी १९२० पर्यंत जगली. म्हणजे आल्सेस आणि लोरेन फ्रान्सला परत मिळालेले तिने पाहिले. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून फार्नबरोला गाडी जाते. तिथल्या टेकडीवर तिने बांधवलेल्या मठाच्या तळघरात तिघांच्या कबरी आहेत. सम्राटाची आणि युवराजाची अशा दोन दगडी पेट्या ॲबरडीनच्या ग्रॅनाइटच्या, राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या.